कोटणीसांच्या सिनेमाचा शेवट

सध्या आमच्या हमरापुरात गणपतीच्या कारखान्यांत रात्रपाळ्या चालू आहेत. परवा रंगकाम करता करता मोबाईलवर एक जुना सिनेमा लावला. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', साल 1946. कोटणीस स्वतः शांतारामच झालेत, त्यांची चिनी बायको जयश्रीबाई.

माणूस खरा, सोलापूरचा. जपानशी लढणाऱ्या चीनला 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. चौघे परत आले. द्वारकानाथ कोटणीस आले नाहीत. तिथल्याच इस्पितळात काम करणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलगा झाला, नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

सिनेमात डॉक्टर प्लेगने जातात. खरं तर त्यांना फेफऱ्याचे झटके येत होते. ना धड खाणं, ना झोप, समोर जखमींची रांग. त्यातच 9 डिसेंबर 1942 ला ते गेले. वय 32. पोर जेमतेम तीन महिन्यांचं. बंदूक हातात न घेतलेल्या माणसालाही युद्ध असं खातं. पण ते पडद्यावर दाखवायला अवघड, म्हणून प्लेग आला असावा.

माझं खरं भांडण शेवटाशी आहे. सिनेमात ती विधवा बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी येते. कारखान्यातल्या पोरांचे डोळे भरले, माझेही. प्रत्यक्षात त्या चीनमध्येच राहिल्या. पुढे भारतात येऊन सासरच्यांना भेटल्या, पण राहायला नाही.

आणि मग आलं 1962. भारत-चीन युद्ध. तेव्हा यिनहुआ 20 वर्षांचा होता. नावात दोन्ही देश, आणि दोन्ही देश एकमेकांवर गोळ्या झाडतायत. हे सांगितल्यावर एका पोराने ब्रश खाली ठेवला. "मग तो कुणाच्या बाजूचा, दादा?" मला काही सांगता आलं नाही.

यिनहुआ डॉक्टरकी शिकत होता. 1967 मध्ये तोही गेला, पंचविशीच्या आतबाहेर. आई मात्र 2012 पर्यंत जगली. नवरा गेल्यानंतर 70 वर्षं. त्यावर कुणी सिनेमा काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

सोलापूरला गेलात तर भैय्या चौकात डॉक्टरांचं स्मारक आहे. पोरांना घेऊन बघून या.