उन्मत्ताचें भरण : स्मृतिग्रंथांतून सरकारी अर्जापर्यंत

उन्मत्ताच्या पोषणाचा भार कोणी वाहावा, आणि तो उन्मत्त आहे हें कोणी सिद्ध करावें, हे दोन प्रश्न आपल्या धर्मशास्त्रांत दायविभागाच्या प्रकरणीं एकत्र आलेले आहेत. आज महाराष्ट्रांत मनोविकाराच्या कारणास्तव सरकारी अनुदान मागणाऱ्यापुढेंही हेच दोन प्रश्न असतात. उत्तरांची दिशा मात्र उलटली आहे. ती कशी उलटली, एवढेंच प्रस्तुत टिपणांत दाखवावयाचें आहे.

याज्ञवल्क्यानें उन्मत्त, जड, अंध, पंगु इत्यादिकांस एकाच श्लोकांत दोन विशेषणें लाविलीं आहेत : ते ‘निरंशक’, म्हणजे वांट्यास अपात्र, आणि ते ‘भर्तव्य’, म्हणजे अन्नवस्त्रास पात्र. मनूनें याच अर्थी ‘अत्यन्तम्’ असें पद घातलें असून कुल्लूक त्याचा अर्थ आमरण असा करितो. न देणारा पतित होतो, असेंही मनूनें सांगितलें आहे. वांटा हिरावून घेणें आणि पोटास घालणें या येथें एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. पहिलीची चर्चा वकिलांनीं भरपूर केली. दुसरीकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं.

विज्ञानेश्वरानें या स्थळीं केलेलें विवरण सूक्ष्म आहे. वात, पित्त, कफ, संनिपात व ग्रहावेश यांपासून होणाऱ्या उन्मादांनीं ग्रस्त तो उन्मत्त, असें तो लिहितो. चरकाच्या उन्मादाच्या पांच प्रकारांशीं हें जुळतें. शेवटच्यास चरक आगंतु म्हणतो. उन्मत्ताहून जड वेगळा : ज्याचें अंतःकरण विकल, ज्यास हिताहित कळत नाहीं तो. हा भेद आजच्या कायद्यांतही टिकून आहे, हें वाचकांस कौतुकाचें वाटेल. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यांत मनोविकाराच्या व्याख्येंतून मतिमंदत्व स्पष्ट शब्दांनीं वगळलेलें असून बौद्धिक अक्षमतेस निराळें स्थान दिलें आहे.

त्याहूनही महत्त्वाचें असें मिताक्षरेंतील दुसरें मत आहे. विभागापूर्वीं दोष असेल तरच वांटा जातो. विभागानंतर दोष उद्भवल्यास गेलेला वांटा परत काढून घेतां येत नाहीं. आणि विभागानंतर औषधादिकांनीं दोष गेला तर त्यास वांटा द्यावा, जसा विभागोत्तर जन्मलेल्या पुत्रास देतात. उन्माद बरा होऊं शकतो, हें येथें गृहीतच धरलें आहे. सध्यांच्या नियमांत दाखला कायमचा किंवा ठराविक मुदतीचा देतात, त्याच्या मुळाशीं हाच विचार आहे. मात्र मिताक्षरेंत बरें होणाऱ्यास लाभ होता. आज बरें होणाऱ्याचें अनुदान जातें.

आतां सिद्धतेविषयीं. पूर्वींच्या वादांत उन्माद सांगणारा बहुधा भाऊबंद असे, आणि त्याचा हेतु वांटा वांचविण्याचा असे. सबब न्यायालयें दोष सांगणाऱ्याकडूनच कडक पुरावा मागत. १८५८ च्या ३५ व्या कायद्याखालील चौकशीही मिळकतीच्या व्यवस्थेकरितांच होई. १९२८ च्या १२ व्या कायद्यानें जन्मतः उन्मत्त किंवा जड असणारे वगळून इतरांची अपात्रता काढली. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमानें रोग वा व्यंग हें कारणच रद्द केलें. ‘निरंशक’ हा शब्द येथें संपला.

‘भर्तव्य’ मात्र उरला. कौटिल्यानें बाल, वृद्ध, व्याधित, अनाथ यांचें पोषण राजाकडे दिलें आहे. पण त्याच प्रकरणांत समर्थ असून मुलें, बायको, आईबाप इत्यादिकांस न पोसणाऱ्यास बारा पणांचा दंडही सांगितला आहे. म्हणजे आधीं कुटुंब, मग राजा. १९९५ च्या केंद्रीय कायद्यानें अपंगत्वाच्या सात प्रकारांत मनोविकार घातला, तेव्हां राजाची बाजू नव्यानें पुढें आली. पण मनाचें व्यंग मोजावें कशानें ? त्याकरितां ‘आयडियाज’ नांवाचें परिमाण २००२ सालीं सरकारनें स्वीकारलें. स्वतःची निगा, इतरांशीं वर्तन, संभाषण व आकलन, आणि काम, या चार सदरांस प्रत्येकीं शून्य ते चार गुण, आजाराच्या काळास आणखी चारपर्यंत, एकूण वीस. सात गुणांवर चाळीस टक्के होतात, आणि लाभाचा उंबरठा तेथेंच आहे.

येथें उलटापालट पुरी होते. आतां ‘मी असमर्थ आहें’ हें सांगण्याचें काम रोग्याकडेच आलें. ज्याचें मन खचलें आहे त्यास दवाखान्यांत व तहसील कचेरींत हेलपाटे घालवत नाहींत. ज्यास आपण आजारी आहों हेंच मान्य नाहीं तो अर्जावर सही करीत नाहीं. स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असलेल्याच्या वतीनें कायदेशीर पालकानें अर्ज करावा, अशी तरतूद २०१७ च्या नियमांत आहे. तरी हें दुःख तिनें पुरतें सरत नाहीं. आजाराचा काळ ठरविण्यास जुन्या चिठ्ठ्या लागतात, आणि घरची माणसें लाजेनें त्या फाडून टाकतात. जीर्ण कागदाचें मोल जाणणाऱ्या आमच्या वाचकांस ही हानि वेगळी समजावून सांगावयास नको. अशा घरच्यांस त्यांनीं दोन शब्द अवश्य सांगावेत.

रकमेविषयीं थोडक्यांत. महाराष्ट्राची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. तिची मासिक रक्कम २०२३ सालीं १५०० रुपये झाली. दिव्यांगांकरितां ती २५०० करण्याचा निर्णय २०२५ सालीं झाला. केंद्राच्या २००९ च्या योजनेंत ऐंशी टक्के अपंगत्व व दारिद्र्यरेषेखालील कुटुंब अशा अटी घातल्या. राज्याच्या योजनेंतही कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. ही अट मला कौटिल्याच्या बारा पणांची वंशज वाटते : घरांत चार पैसे असतील तर भरण घरानेंच करावें, हें जुनें गृहीत तिच्यांत तसेंच आहे. घर तें करतें कीं नाहीं, याची विचारपूस मात्र अर्जाच्या नमुन्यांत नसते.

जुन्या वाटणीपत्रांत अशा व्यक्तीच्या अन्नवस्त्राचें कलम कोणास आढळल्यास धान्याचें माप, वस्त्रांची संख्या व देणाऱ्याचें नातें यांसह तें मंडळाकडे उतरून पाठवावें.