विकाऊ मोटार आणि संस्थानी हिशेब

जुन्या आलिशान मोटारी विकायला निघतात तेव्हा त्यांच्या वर्णनात एक ओळ हमखास आढळते : राजघराण्यातील गाडी, उत्तम निगा राखलेली. मोटार उघड्या टपाची असेल तर किंमत आणखी चढते, कारण अशा गाड्या मुळात थोड्या बनल्या आणि त्यांतल्या थोड्याच टिकल्या. आम्हांला या ओळीतील दोन्ही दाव्यांविषयी कुतूहल आहे. राजघराण्याची, म्हणजे नेमकी कोणाची? आणि निगा राखली, ती कोणी? हे प्रश्न बडोदे-ग्वाल्हेरच्या झगमगाटात नीट ऐकू येत नाहीत. ते जव्हारसारख्या लहान संस्थानात उभे राहून विचारावेत.

जव्हार हे मुकण्यांचे, महादेव कोळी घराण्याचे संस्थान. जयबा मुकणे यांनी चौदाव्या शतकात त्याचा पाया घातला. इंग्रजी अमलात त्याचे क्षेत्र सुमारे ३१० चौरस मैल होते आणि १९०१ च्या शिरगणतीत वस्ती पन्नास हजारांच्याही आत होती. नऊ तोफांची सलामी मात्र होती. शेजारचा मोखाडा ब्रिटिश मुलखात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून नांदत होता. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना तेच वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी. तीच नाचणी-वरई, तेच जंगल. संस्थानचे उत्पन्न येई तेही मुख्यतः याच जंगलातून आणि शेतसाऱ्यातून. शेवटचे अधिपती यशवंतराव मुकणे १९२७ मध्ये अज्ञान असतानाच गादीवर आले, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेले आणि स्वातंत्र्यानंतर लोकसभेवर निवडून आले. त्यांचा जयविलास राजवाडा आजही उभा आहे.

अशा मुलखात, जेथे चार महिने धो धो पाऊस कोसळतो, तेथे उघड्या टपाच्या मोटारीचे प्रयोजन काय? हाच प्रश्न साऱ्या हिंदुस्थानाला लागू आहे. उन्हात, धुळीत आणि पावसात कापडी टप ही गैरसोयच. तरीही संस्थानिकांनी अशा गाड्या हौसेने मागवल्या, कारण त्यांतून राजा दिसत असे. पूर्वी हे काम हत्तीवरील अंबारी करी. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला प्रजेने राजाला पाहावयाचे, हा राज्यकारभाराचाच भाग होता. कोल्हापुरात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक मोटार अजूनही दसरा चौकातील सोहळ्यात छत्रपती घराण्याला घेऊन येते. तिच्याकडे पाहिले म्हणजे उघडी मोटार ही अंबारीची वारस होती हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता दर्शन हे जर राज्याचे काम, तर त्याचे साधन कोणाच्या मालकीचे? मराठी संस्थानांना हा भेद अपरिचित नव्हता. होळकरशाहीत तर ‘खासगी’ आणि ‘दौलत’ ही दोन खाती फार पूर्वीपासून निराळी होती. परंतु १९४८ मध्ये संस्थाने विलीन होऊ लागली तेव्हा जे करारनामे झाले, त्यांच्या ठरीव मसुद्यात एक फट राहिली. राजाची खासगी मालमत्ता राजाकडेच राहील असे आश्वासन त्यात होते. मात्र जी यादी राजाने सरकारला द्यावयाची, ती स्थावर मालमत्ता, रोखे आणि रोकड यांची. मोटार यांपैकी कशातच बसत नव्हती. दौलतीच्या खर्चाने आलेली आणि दौलतीच्या कामासाठी वापरलेली गाडी अशा रीतीने गाजावाजा न होता खासगी झाली असेल, तर तिला अडवणारी ओळ त्या कागदात नव्हती. आमच्या मते या गाड्यांची खरी विक्री त्याच वेळी झाली. पुढचे सारे व्यवहार म्हणजे फेरविक्री.

ती फेरविक्री जोरात झाली. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्युसेनबर्ग, लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधलेली भगव्या-काळ्या रंगाची उघडी दोन आसनी, पुढे अमेरिकेत गेली. १९७१ च्या अखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे संपले, विशेषाधिकारांबरोबर गाडीवरची संस्थानच्या नावाची लाल पाटीही गेली, आणि ज्यांच्याकडे मोटारी उरल्या त्यांनाही त्या पोसणे जड झाले. पुढे १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर बंधने आली. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपूर्वीच्या मूळ स्वरूपातील गाडीला स्वतंत्र नोंदणी आणि ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक दिला. रोजच्या वापराला मनाई केली, विक्रीला मुभा ठेवली. कायद्याने सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांच्या मूळपणाची काळजी घेतली. खर्च कोणत्या खात्यातून झाला, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

निगेचा प्रश्न याहून कठीण आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइससारखी कंपनी केवळ सांगाडा आणि इंजिन विकत असे. बाह्यांग निराळे कारखानदार बांधीत, आणि त्याच्या आत बहुधा लाकडी चौकट असे. आपल्या हवेत त्या लाकडाला ओल लागते, टपाच्या कापडावर बुरशी धरते, चामडे तडकते, पत्र्याला गंज चढतो. अशी गाडी ऐंशी वर्षे टिकते ती कोणी तरी दर पावसाळ्यात तिला पुसले, वाळवले, इंजिन फिरवून ठेवले म्हणून. विक्रीच्या कागदांत महाराजांचे नाव येते, बांधणाऱ्या कारखान्याचे येते. त्या शोफरचे आणि मिस्त्रीचे येत नाही. ज्या पट्ट्यात १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांना वेठीविरुद्ध उठावे लागले, तेथे बिनहिशेबी श्रमाची ही गोष्ट आम्हांला क्षुल्लक वाटत नाही.

गाड्या विकू नयेत असे आमचे म्हणणे नाही. विकल्या गेल्या म्हणूनच कित्येक वाचल्या. न विकलेल्या कितीतरी तबेल्यांत सडल्या. मागणे एवढेच की, गाडीबरोबर तिची वहीही खरेदीदाराच्या हाती पडावी. संस्थानांचे वार्षिक अहवाल आणि दफ्तरे यांत खर्चाच्या नोंदी शोधाव्यात. गाडी सांभाळणाऱ्या घरांतील माणसे आहेत तोवर त्यांना विचारावे. जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे आजही सुगी आटोपली की वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. मागील पिढ्यांनी भरलेल्या साऱ्यातून काय काय घडले, हे जाणून घेण्याचा हक्क त्यांनाही आहे. मोटार कोणाच्याही दारात उभी राहो. तो हिशेब त्यांचाही आहे.