झेंडू: तोरणातला आणि बलकातला

दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला ज्याचं तोरण बांधतो तो झेंडू, कोकणातला गोंडा, मूळचा आपला नाही, हे सांगितलं की पुष्कळांना रुचत नाही. तो मेक्सिकोचा. इंग्रजीत त्याला ‘आफ्रिकन’ म्हणतात, तेही चूकच! अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआट्ल भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ ‘वीस फूल’, म्हणजे भरपूर पाकळ्यांचं. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी त्यांची राजधानी जिंकली. पुढे हे फूल, बहुधा पोर्तुगीजांच्या जहाजांतून, आपल्याकडे आलं. मेक्सिकोत आजही १ आणि २ नोव्हेंबरला पितरांच्या स्मरणार्थ याच फुलांची आरास करतात. आपली दिवाळीही त्याच सुमाराची.

अंडी खात असाल, तर झेंडूचं दुसरं काम तुम्ही न्याहारीला पाहिलं असेल. त्याचा पिवळाधमक रंग मुख्यतः ल्युटीन या कॅरोटीनॉइडचा. कोंबडीला हे रंगद्रव्य स्वतः बनवता येत नाही. खाद्यात असेल तेच बलकात उतरतं. पांढरी ज्वारी खाल्ली तर बलक फिका, पिवळा मका खाल्ला तर गडद. (मकाही मेक्सिकोचाच!) म्हणून वाळलेल्या झेंडूची पूड खाद्यात मिसळतात. अमेरिकी नियमांत रंग म्हणून ही पूड कोंबडीच्या खाद्यापुरतीच मान्य आहे.

गावाकडची कोंबडी मोकळी फिरते, हिरवा पाला टिपते, म्हणून गावठी अंड्याचा बलक गडद. ट्रॉयच्या दुकानातून आणलेल्या अंड्याचा बलक तसाच गडद निघाला, तर तो पाल्याने झाला की पाकळ्यांच्या पुडीने, हे नुसतं पाहून सांगता येणार नाही.