खिशातल्या पात्याची कुळकथा

१७९४ साली मुंबईहून पोलादाचे काही गोळे लंडनला गेले. पाठवणारे होते कंपनी सरकारच्या नोकरीतले डॉक्टर हेलेनस स्कॉट आणि ते ज्यांच्या हाती पडले ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स. आपल्याकडच्या लोहारांनी मुशीत वितळवून केलेलं हे पोलाद इंग्रज लोक ‘वूट्झ’ या नावानं ओळखत. बँक्स यांनी त्यातला एक तुकडा जेम्स स्टोडार्ट या कसबी कारागिराला दिला आणि त्याचा एक पेनचाकू घडवून घेतला. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी सोसायटीपुढे जो निबंध वाचला, त्यात या चाकूची नोंद आहे.

नव्या पोलादाची परीक्षा पेनचाकूवर घेण्यामागे कारण होतं. पिसाची लेखणी रोज तासावी लागे आणि पात्याची धार जरा बोथट असली तरी टोक फाटे. आपल्याकडे पिसाच्या जागी बोरू होता. मोडीचं दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाला बोरूचं टोक तिरकं छाटायला आणि मधोमध चीर द्यायला चाकू लागायचाच. लेखणी, दौत आणि चाकू यांचं एकच कूळ. पुढे बोरू गेला, पेन्सिल आली, तरी चाकू खिशात राहिला. नंदुरबार, शहादा, तळोदा भागातल्या जुन्या घरांत आजोबांच्या पेटीत, चष्म्याच्या घराशेजारी एखादा मिटलेला चाकू निघतो, तो बहुतेक वेळा याच कुळातला असतो. घरच्यांना तो गंजका लोखंडाचा तुकडा वाटतो आणि मोडीत जातो. तो मोडीत जाण्याआधी त्याचं कूळ वाचता यावं, एवढ्यासाठी हा लेख.

मिटणारा चाकू फार जुना आहे. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट इथं हाडाच्या मुठीचा असा चाकू सापडला आहे. तो इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. रोमन लोकांकडेही मिटणारे चाकू होते. पण ते पातं नुसतं खिळ्यावर फिरायचं, त्याला जागेवर धरणारं काही नसायचं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीला पोलादी कमान बसवली. ती पात्याच्या मुळावर दाब देते. त्यामुळे उघडलेलं पातं उघडं राहतं आणि मिटलेलं खिशात आपोआप उघडत नाही. आजचे बहुतेक साधे खिसाचाकू याच कमानीवर चालतात.

शेफिल्डला कारागिरांची संस्था १६२४ पासून होती आणि कोणी कोणती मुद्रा ठोकायची हे ती ठरवी. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समननं तिथं मुशीत पोलाद करण्याची रीत बसवली आणि पात्यांचा दर्जा एकदम चढला. या गावातलं सर्वांत मोठं घराणं जोसेफ रॉजर्स आणि मंडळींचं. चांदणी आणि तिच्याशेजारी माल्टा क्रॉस ही त्यांची खूण. ती मुद्रा मुळात १६८२ मध्ये दिली गेली आणि पुढे रॉजर्सकडे आली. एकोणिसाव्या शतकात या कंपनीच्या कचेऱ्या न्यूयॉर्क, कलकत्ता आणि मुंबईतही होत्या.

या चाकूंच्या मुठीत आपलं रान होतं. सांबर ठरावीक काळानं शिंगं टाकतं. हिंदुस्थानातल्या जंगलांतून गोळा केलेली अशी शिंगं जहाजानं शेफिल्डला जात. तिथं ती चिरून, पोलादावर बसवून, खिळे ठोकून मुठी होत आणि तयार चाकू पुन्हा मुंबईच्या बंदरात उतरत. सातपुड्यातही सांबर होतंच. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेनं सुरत ते अमळनेर मार्ग पुरा केला आणि नंदुरबार सुरत-मुंबईच्या पेठांशी रुळांनी जोडलं गेलं. बंदरावरचा माल खानदेशच्या दुकानांत पोचण्याची वाट सोपी झाली.

आता चाकू हातात घ्यावा. आधी मुठीच्या शोभेकडे न बघता पातं उघडून त्याच्या मुळाशी, जिथं धार संपते आणि पातं मुठीत शिरतं तिथं बघावं. कारखान्याची मुद्रा त्या बोटभर जागेवर असते. सूर्यप्रकाश तिरका पडू द्यावा आणि भिंग धरावं; सरळ उजेडात न दिसणारी अक्षरं तिरक्या उजेडात उठून येतात.

काही इंग्लिश चाकूंवर राजमुकुटाच्या दोन्ही बाजूंना दोन अक्षरं असतात. ‘व्ही आर’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ‘ई आर’ म्हणजे बहुधा सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. ‘जी आर’ असेल तर आपल्याकडे सापडणाऱ्या चाकूंच्या बाबतीत बहुधा पाचव्या किंवा सहाव्या जॉर्जचा काळ. मात्र जुना ठसा नंतरही वापरात राहू शकतो. म्हणून अशी अक्षरं ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच पक्कं सांगतात.

देशाचं नावही बोलतं. इंग्लंडचा १८८७ चा मालखुणांचा कायदा, हिंदुस्थानातला १८८९ चा तसाच कायदा आणि अमेरिकेचं १८९१ पासूनचं आयातीचं बंधन यांमुळे पात्यावर देशाचं नाव ठोकण्याची चाल सर्वत्र पसरली. नुसतं ‘शेफिल्ड’ असेल तर चाकू जुना असण्याची शक्यता वाढते. ‘इंग्लंड’ जोडलेलं असेल तर बहुधा १८९० च्या पुढचा. ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० या काळातला. ‘स्टेनलेस’ हा शब्द दिसला की वाद मिटतो: हॅरी ब्रिअर्लीनं न गंजणारं पोलाद शेफिल्डमध्ये १९१३ साली केलं, त्याआधीच्या चाकूवर तो शब्द असूच शकत नाही.

जर्मनीच्या झोलिंगेनचा मालही आपल्याकडे दिसतो. जुळ्या माणसांची खूण हेंकेल्सची, १७३१ सालची. काळ्या रंगाच्या पत्र्याची मूठ, तिच्यावर झेपावणारी मांजर आणि ‘के ५५ के’ अशी अक्षरं असतील तर तो हाइनरिख काउफमान यांचा मर्काटोर. त्यांच्या कारखान्याचं नावच ‘इंडियावेर्क’, म्हणजे इंडिया कारखाना. ‘वझिराबाद’ असं नाव असेल तर तो आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या, चाकू-कात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावचा.

नकलाही तेवढ्याच जुन्या आहेत. रॉजर्सच्या नावातलं इंग्रजी ‘डी’ गाळून किंवा चांदणी-क्रॉसशी मिळतीजुळती खूण ठोकून माल विकला जाई आणि कंपनी त्याविरुद्ध सतत भांडत असे. म्हणून नाव वाचताना एकेक अक्षर मोजावं.

मग मूठ. सांबरशिंगाला वरून खडबडीत साल असते आणि कापलेल्या टोकाला आतला भुसभुशीत गाभा दिसतो. हाडावर भिंगाखाली बारीक काळसर ठिपके आणि रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लॅस्टिक, बोटानं चोळलं की कापरासारखा वास येतो. गरम सुई टोचून बघण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नये. सेल्युलॉइड भडकन पेटतं. जुनं सेल्युलॉइड कुजताना त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारची पाती गंजतात, म्हणून असे चाकू वेगळे ठेवावेत.

पात्याशिवायची हत्यारंही ओळख देतात. मुठीच्या पाठीवर जाड, बोथट आकडा असेल तर त्याला डबा फोडायचं साधन समजू नये. घोड्याच्या खुरात अडकलेला खडा काढायचा तो आकडा, आणि चाकू घोडेस्वाराचा. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, त्या मुलखात ही खूण विसरता कामा नये. लांब टोकदार सुळा, डबे उघडायचं पातं आणि बाणाचा ठसा असेल तर तो लष्करी चाकू. त्यावर बहुधा सालही ठोकलेलं असतं. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर तो हिंदुस्थानी लष्कराच्या मालकीचा.

आपल्या देशातलं मिटत्या पात्याचं सर्वांत गाजलेलं घराणं मात्र उत्तर प्रदेशातल्या रामपूरचं. रामपुरी उघडला की पातं अडकून बसतं आणि खटका दाबल्याशिवाय मिटत नाही. शेफिल्डच्या कमानीपेक्षा ही रचना वेगळी. पातं लांब, नऊ इंचांपासून बारा इंचांपर्यंत, मूठ बहुधा पितळी. हिंदी सिनेमानं त्याला गुंडाच्या हाती दिलं आणि कारागिराचं नाव पुसलं गेलं. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेश सरकारनं साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी घातली आणि धंदा आटला. २०२३ मध्ये रामपूरच्या चौकात सहा मीटरहून लांब चाकू उभारला, पण खटका जुळवणारे हात तेवढ्यानं वाढत नाहीत. पितळी मुठीचा, हातानं कोरलेला जुना रामपुरी घरात असेल तर तो बदनाम वस्तू म्हणून फेकू नये. तो मोजक्या उरलेल्या कारागिरीचा पुरावा आहे.

किंमत कशी ठरते? पहिली गोष्ट, पातं किती उरलं आहे. वर्षानुवर्षं दगडावर घासून पातं अरुंद होतं. मिटलेल्या चाकूत पात्याचं टोक मुठीच्या टोकाच्या बरंच अलीकडे संपत असेल तर बरंच पोलाद झिजलं आहे असं समजावं. दुसरी, कमान: उघडताना आणि मिटताना खणखणीत आवाज यावा, पातं डावी-उजवीकडे हलू नये. तिसरी, मूळपणा: मूठ बदललेली, खिळा नवा, पात्याचा आकार पुन्हा घासलेला असेल तर किंमत उतरते. चौथी, मुद्रा वाचता येते की नाही. पाचवी, मूळ डबी किंवा कातडी म्यान सोबत आहे का. भाव बघताना विक्रेत्यानं मागितलेला आकडा धरू नये. तसाच चाकू, तशाच अवस्थेत प्रत्यक्षात कितीला गेला ते बघावं. रोजच्या वापरातले शेफिल्ड चाकू प्रचंड संख्येनं निघाले होते, त्यामुळे नुसतं वय म्हणजे मोठी रक्कम नाही.

सर्वांत मोठं नुकसान घासकामानं होतं. चिंचेनं, पॉलिश कागदानं किंवा यंत्राच्या चाकावर चाकू चकचकीत केला की मुद्रा पुसट होते, आणि मुद्रा गेली की ओळखही गेली. सांध्यात तेलाचा थेंब, मऊ फडकं, लाल गंजावर तेल टाकून दोन दिवसांनी हलकं पुसणं, एवढं पुरे. पात्यावरची राखाडी-काळी झाक हा गंज नसतो. ती पोलादाचं रक्षण करते.

कायदाही ठाऊक असावा. हस्तिदंताची खरेदी-विक्री भारतात गुन्हा आहे. सांबरशिंगाच्या मुठीचा व्यवहार करण्याआधी वनविभागाकडे विचारणा करावी. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं, घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठीचं नसेल तर, शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं.

मुद्रेवरून कारखाना कळतो, साल कळतं. पण तो चाकू कोणत्या कुलकर्ण्याच्या दप्तरात होता, कोणत्या मास्तरांनी त्यानं वर्गातल्या पोरांचे बोरू तासले, कोणत्या शिपायानं तो युद्धाहून आणला, हे पोलादावर कुठंच ठोकलेलं नसतं. ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ठाऊक असतं. म्हणून चाकू सापडला की त्यांना विचारावं, ते सांगतील ते नाव, गाव आणि सालासह कागदावर लिहावं आणि तो कागद चाकूसोबत ठेवावा. विकायचा असो वा जपायचा, त्या कागदानं चाकूची किंमत वाढतेच. आणि तो कागद आज लिहिता येतो, आणखी दहा वर्षांनी कदाचित येणार नाही.