चित्रातले घर : माधुरी पुरंदरे यांच्या निमित्ताने

मराठी बालसाहित्याचा इतिहास शिकवताना आमच्याकडून वर्षानुवर्षे एक चूक होत आली. लेखकांची आणि मासिकांची नावे, सनावळ्या हे सारे आम्ही नेमाने सांगितले. चित्रकारांविषयी मात्र अवाक्षर काढले नाही. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' मासिक सुरू केले, हे आमचा विद्यार्थी झोपेतही सांगेल. त्यातली चित्रे कोणाची, हे विचारण्याचे आम्हालाच कधी सुचले नाही. 'मुलांचे मासिक' तर आमच्याच नागपुरातून निघे. तेही आम्ही केवळ मजकूर म्हणूनच चाळले.

या उपेक्षेला छपाईचेही एक कारण आहे. खिळ्यांच्या छपाईत चित्र म्हणजे जस्ताचा वेगळा ब्लॉक. रंग वाढवायचा तर प्रत्येक रंगासाठी आणखी एक ब्लॉक आणि कागदाची यंत्रातून आणखी एक फेरी. साहजिकच रंगाचा खर्च मुखपृष्ठावर होई आणि आतले चित्र मजकुरातून उरलेल्या जागेत अंग चोरून बसे. दीनानाथ दलालांसारखा (१९१६-१९७१) समर्थ चित्रकार मराठी वाचकाला ठाऊक आहे तो मुख्यतः मुखपृष्ठांमुळे आणि 'दीपावली' अंकामुळे. गोष्ट लेखकाची आणि चित्र तिची सजावट, ही वाटणी त्यातून पक्की झाली. बंगालीत सुकुमार रायांनी १९२३च्या 'आबोल ताबोल'मध्येच शब्द आणि चित्र एका हाताने केले होते. अर्थात त्यांच्या घरी छापखाना होता, ही गोष्ट लहान नव्हे.

मराठीत ही वाटणी ज्यांनी ठामपणे मोडली त्यांत माधुरी पुरंदरे यांचे नाव आम्ही अग्रभागी ठेवतो. १९५२ सालचा त्यांचा जन्म. वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे, आई निर्मला पुरंदरे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी ग्राफिक कलेचा अभ्यास केला. परतल्यावर पुण्यात फ्रेंच शिकवले, अनुवाद केले, पिकासोचे मराठी चरित्र लिहिले, 'तीन पैशाचा तमाशा'त गायल्याही. इतक्या वाटा चालणारा माणूस एखाद्या वाटेवर हौशी राहतो. येथे तसे झाले नाही. आईने ग्रामीण बालवाड्यांसाठी उभारलेल्या 'वनस्थळी'च्या कामाशी त्या जोडल्या गेल्या आणि मुलांसाठीचे लेखन त्यांच्याकडे आले, ते बहुधा तेथूनच.

'राधाचं घर' पाहावे. एक लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांविषयी सांगते, एवढाच ऐवज. कथानक नाही, बोध तर नाहीच. पण राधा जे सांगत नाही ते चित्र सांगते. बसण्या-उठण्याची ढब, कपड्यांच्या चुण्या, पसारा, मोठ्यांच्या चेहऱ्यावरचा दमलेपणा. चित्रातली माणसे सुंदर नाहीत. ती ओळखीची आहेत. गोंडस, गोबऱ्या गालांच्या मुलांना सरावलेल्या आमच्या डोळ्यांना हे प्रथम थोडे रुक्ष वाटले होते, हे कबूल करायला हवे. 'यश'च्या गोष्टींतही शाळा, आजोळ, मोडलेला हात एवढेच घडते. 'चित्रवाचन'मध्ये तर त्यांनी शब्दच काढून घेतले. दृश्य समोर, वाचायचे मुलाने. आणि 'वाचू आनंदे'च्या बालगट व कुमारगटाच्या खंडांत मराठी साहित्यातल्या वेच्यांबरोबर त्यांनी भारतीय चित्रपरंपरेलाही मानाने शेजारी बसवले. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. विद्यापीठीय समीक्षेने मात्र त्यानंतरही या चित्रांवर फारसे लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

एक आक्षेप आमच्या मनात बरीच वर्षे होता. हे घर पुण्याचे आहे. आमच्याकडच्या मुलाला त्यात खिडकीला लावलेला कूलर दिसत नाही, त्याची ओली खस दिसत नाही, 'काय करून राहिला बे' अशी हाक ऐकू येत नाही. आज तो आक्षेप आम्हाला उलटा वाटतो. कोणाचेच नसलेले सरसकट 'भारतीय' घर त्यांनी काढले असते, तर विदर्भातल्या मुलाला तरी त्याचा काय उपयोग होता? पुरंदऱ्यांनी पाहिले ते काढले. आमचे घर आमच्याकडच्या कोणीतरी काढायचे आहे. त्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे हा निव्वळ आळस होता.

मागे एकदा एम.ए.च्या वर्गात आम्ही 'चित्रवाचन' नेले. साहित्यप्रकारांच्या व्याख्या पाठ असलेली ती मंडळी शब्दहीन पानापुढे अवघडून बसली. कोणी विचारले, यावर प्रश्न कसा येईल? दहा-पंधरा मिनिटांनी मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी चित्रातल्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "सर, ही बाई कोणाची तरी वाट पाहून राहिली." मग वर्ग पुस्तकाभोवती गोळा झाला, आणि ती नेमकी कोणाची वाट पाहते आहे यावर तास संपल्याची घंटा झाल्यानंतरही वाद चालू राहिला.