बारसे, विजय

भारतीय क्रीडाशिक्षक, फुटबॉल-प्रशिक्षक आणि झोपडपट्टी फुटबॉल या चळवळीचे प्रवर्तक. नागपूर येथील हिस्लॉप महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ क्रीडाशिक्षक म्हणून काम केले. हे महाविद्यालय स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८८३ मध्ये स्थापन केले असून, मिशनरी व भूवैज्ञानिक स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) यांचे नाव त्यास देण्यात आले. विदर्भातील जुन्या शिक्षणसंस्थांत त्याची गणना होते.

बारसे यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी महाविद्यालयीन खेळांची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. नागपूर विद्यापीठाच्या (स्था. १९२३) कक्षेत, १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन होईपर्यंत, पश्चिमेकडील बुलढाणा जिल्ह्यापासून पूर्वेकडील चंद्रपूर-भंडाऱ्यापर्यंतची विदर्भातील महाविद्यालये येत असत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जाई आणि तो आंतरविद्यापीठीय स्पर्धांत उतरे. या सर्व पायऱ्यांवर खेळाडू हा नोंदणी झालेला विद्यार्थी असणे बंधनकारक असते. परिणामी, शाळा मध्येच सोडलेल्या मुलाला, अंगी कितीही कौशल्य असले, तरी महाविद्यालयीन प्रशिक्षकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग उरत नाही. क्रीडांगण, साहित्य व प्रशिक्षक या तिन्ही गोष्टी संस्थेच्या आवारात असतात आणि मुले आवाराबाहेर, अशी ही स्थिती होय. बारसे यांचे कार्य या मर्यादेच्या पलीकडे जाण्यातून उभे राहिले.

नव्या शतकाच्या प्रारंभी भर पावसात वस्तीतील काही मुले फुटकी बादली चेंडूप्रमाणे लाथाडीत खेळत असल्याचे त्यांच्या पाहण्यात आले. त्यांनी मुलांना फुटबॉल आणून दिला. खेळात गुंतलेली ही मुले तेवढा वेळ व्यसने व भांडणतंटे यांपासून दूर राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर त्यांनी केवळ झोपडपट्टीतील खेळाडूंसाठी स्पर्धा भरविण्याचे ठरविले. अशा पहिल्या मोठ्या स्पर्धेस १२८ संघांचा प्रतिसाद लाभला. गणवेश वा बूट यांची अट नसल्याने अनवाणी मुलांनाही मैदानात उतरता आले. या उपक्रमातून २००१ पासून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ ही चळवळ आकारास आली. देशाबाहेर ती ‘स्लम सॉकर’ या नावाने ओळखली जाते. पुढे जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळ्यांवरही स्पर्धा घेण्यात आल्या.

फुटबॉल या खेळाची निवडही या कार्यास पोषक ठरली. क्रिकेटला लागणारी बॅट, पॅड इ. साहित्य खर्चाचे असते. फुटबॉलसाठी एक चेंडू व मोकळी जागा पुरते आणि एकाच चेंडूवर वीस-बावीस मुले खेळू शकतात. तथापि शहरातील मोकळ्या जागा झपाट्याने कमी होत असल्याने हक्काच्या मैदानाचा प्रश्न कायम राहिला. सेवानिवृत्तीच्या वेळी मिळालेली सु. १८ लाख रुपयांची रक्कम बारसे यांनी नागपूरजवळ जमीन घेण्यासाठी वापरली आणि तेथे प्रशिक्षणाची सोय केली. उतारवयाची तरतूद म्हणून मिळालेला पैसा अशा रीतीने मैदानात घातला गेला. त्यांचे पुत्र अभिजित बारसे हे अमेरिकेतून परतून या कार्यात सहभागी झाले. त्यांच्या काळात स्पर्धांबरोबरच आरोग्य, मुलींचे शिक्षण, खेळाच्या साहाय्याने गणित शिकविणे यांसारखे उपक्रमही संस्थेने हाती घेतले.

या चळवळीचा संबंध लवकरच ‘होमलेस वर्ल्ड कप’ या बेघरांच्या जागतिक स्पर्धेशी जुळला. ही स्पर्धा प्रथम ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे २००३ मध्ये झाली. तीत प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह चार खेळाडू असतात. मैदान लहान असते आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव खेळले जातात. एका खेळाडूस या स्पर्धेत आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. निष्णात संघ तयार करण्यापेक्षा अधिकाधिक बेघर व उपेक्षित व्यक्तींना संधी मिळावी, हा या नियमामागील हेतू होय. भारताचा संघ २००७ मध्ये कोपनहेगन येथे या स्पर्धेत उतरला आणि त्यानंतर संघनिवडीचे काम बारसे यांच्या संस्थेकडे राहिले. पुढे स्त्रियांचे संघही पाठविण्यात आले.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने (फिफा) २०१६ चा विविधता पुरस्कार ‘स्लम सॉकर’ या संस्थेस दिला. तत्पूर्वी २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी-मालिकेतून हे कार्य देशभर माहीत झाले होते. नागराज मंजुळे यांनी दिग्दर्शित केलेला झुंड हा हिंदी चित्रपट (२०२२) बारसे यांच्या जीवनकार्यावर आधारित असून, त्यातील प्रशिक्षकाची भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे.

व्यावसायिक फुटबॉलसाठी खेळाडू घडविणे हा या चळवळीचा मुख्य उद्देश नव्हता. त्यामुळे तिचे मोजमाप चषक व पदके यांवरून करणे योग्य ठरणार नाही. या वस्त्यांतील काही मुले पुढे स्वतः प्रशिक्षक झाली आणि आपल्यासारख्याच मुलांना शिकवू लागली, हे तिचे ठळक फलित होय. महाविद्यालयाच्या संघाची जबाबदारी सांभाळणाऱ्या शिक्षकाचे कर्तव्य हजेरीपटावरील नावांपाशी संपत नाही, हा विचार बारसे यांनी कृतीने मांडला. विदर्भाच्या क्रीडा-इतिहासात त्यांचे स्थान या कारणाने वेगळे ठरते.