अवंतिकेचा खांब आणि त्याचे गुरू

क्षिप्रेच्या काठची अवंतिका म्हणताच आपणांस महाकालेश्वर आठवतो. आणि त्या मंदिराचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार करविणारे, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर शेणवी हेही आपणां सारस्वतांस आठवतात. पण शास्त्र व शस्त्र यांबरोबर शरीरविद्येचीही एक परंपरा या नगरीने जपली आहे, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती विद्या म्हणजे मल्लखांब.

बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लस्तंभाचा निर्देश आहे. मधली कित्येक शतके ही विद्या विस्मृतीत गेली. तिला पुन्हा प्रकाशात आणण्याचे श्रेय परंपरा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर यांना देते. 1818 साली पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्तास गेले. राज्य गेले, पण खांब राहिला. शिष्यांनी तो काशीपासून माळव्यापर्यंत ठिकठिकाणी रोवला. आश्रयदाता नाहीसा झाल्यावरही विद्या टिकली, याचे कारण उघड आहे. ती दरबारात नव्हती, गुरूच्या अंगात होती.

वकिलीच्या धंद्यात वारसाहक्काचे वाद मी नित्य पाहतो. जमीन, दागिने, घर यांचे मृत्युपत्र लिहिता येते. शिसवी खांबावर एरंडेल चोळून त्यावर अढी कशी मारावी, बोंडावर तोल कसा सावरावा, याचे मृत्युपत्र कोणी लिहावे? ही मिळकत हयातीतच दुसऱ्याच्या देहात उतरवावी लागते. शिवाय खेळाडूची उमेदीची वर्षे थोडी. अंग जड होऊ लागले की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: खांबाला रामराम ठोकणे, किंवा खांबापाशी उभे राहून दुसऱ्याला चढविणे. दुसरी वाट धरणारे निघाले नसते, तर हा खेळ केव्हाच ग्रंथापुरता उरला असता.

उज्जैनचे महत्त्व येथे आहे. 1981 साली मल्लखांबाची पहिली स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा याच शहरी झाली. तोवर प्रत्येक आखाड्याची रीत निराळी होती. स्पर्धा म्हटली की समान नियम आले, परीक्षक आले, गुणदान आले. आणि आखाड्यातील वस्तादाला प्रशिक्षकाचे रूप आले. 2013 साली मध्य प्रदेश शासनाने मल्लखांबास राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली.

याच मातीत आधी खेळाडू व मग प्रशिक्षक म्हणून घडलेले योगेश मालवीय यांना 2020 साली केंद्र सरकारचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार 1985 साली सुरू झाला, आणि त्याच वर्षी कुस्तीसाठी तो भालचंद्र भास्कर भागवत यांना लाभला होता. कुस्तीच्या या सोबत्याला मात्र आणखी पस्तीस वर्षे थांबावे लागले. 29 ऑगस्ट 2020 रोजीचा तो समारंभ महामारीमुळे दूरदृश्य पद्धतीने झाला. जी विद्या स्पर्शावाचून शिकविता येत नाही, तिच्या गुरूचा सन्मान असा दुरून व्हावा, हा काळाचा विलक्षण खेळ!

यातील क्रमही पाहण्याजोगा आहे. खेळाडूंचा अर्जुन पुरस्कार मल्लखांबास त्यानंतर मिळाला: 2021 चा हिमानी परब यांना, 2022 चा सागर ओव्हाळकर यांना. पुढे 2024 साली दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे पद्मश्रीने गौरविले गेले. इतर खेळांत शिष्याच्या पराक्रमामुळे गुरूचे नाव होते. येथे द्रोण आधी आणि अर्जुन मागाहून. मला यात विसंगती दिसत नाही. ज्या विद्येचा सारा इतिहास गुरूंच्या चिकाटीचा, तिचा पहिला मान गुरूकडे जाणे न्यायाचेच झाले.

सांदीपनींच्या आश्रमात श्रीकृष्ण-बलराम शिकले ते याच नगरीत. विद्या पूर्ण झाल्यावर गुरुदक्षिणा द्यावी, हा तेथला संकेत. मल्लखांबाची दक्षिणा एकच: आपण शिकलो ते दुसऱ्यास शिकविणे. आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळांपुढे प्रशस्त अंगणे आहेत. तेथे एक खांब रोवणे फारसे खर्चाचे नाही. त्यापाशी रोज सायंकाळी उभा राहणारा गुरू मिळविणे आणि त्याचा योगक्षेम चालविणे, हे मात्र आपल्यालाच करावे लागेल.